आखाजीचा दगड

मेणबत्तीचे तुकडे वितळले तशी बैसाणे सरांनी चिमट्यात वाटी धरली आणि परातीतल्या वाळून तडकलेल्या काळ्या मातीच्या भेगेत मेणाची धार सोडली. मेण भेगेत शिरलं, काठोकाठ आलं आणि बघता बघता पांढरं होऊन गोठलं.

"आता पाणी," सर म्हणाले.

चिंधाने तांब्या पुढे केला नाही. तो ओट्यावर उकिडवा बसून परातीकडे बघत होता. हा खेळ त्याने आपल्या तिन्ही पोरांच्या तोंडून ऐकला होता आणि तिन्ही वेळा त्याला जांभई आली होती.

"सर, आज येवाव शे तो साहेब काय शाळामाना पोऱ्या शे का? मेन वतीसन काय करतस? तुमी एकच शब्द सांगा. भिंत राजानी बांधी. बस."

"आणि बांधलेली नसली तर?"

"तं काय व्हयनं? राजा थोडाच येवाव शे सांगाले, मी नई बांधी म्हनीसन!"

सरांना हसू आलं, पण ते त्यांनी मिशीत दाबलं. उठून त्यांनीच तांब्या घेतला आणि परातीवर पाण्याची बारीक धार सोडली. माती विरघळत गेली, कडेने वाहून अंगणात उतरली. मधोमध मेणाची पातळ भिंत तेवढी उभी राहिली.

"बघ. भिंत कोणी उभी केली नाही. आजूबाजूचं वाहून गेलं. डोंगराचंही असंच असतं चिंधा. आपल्याला वाटतं तो वर आला. अरे, बाजूचं झिजून गेलं, आणि झिजायला जे तयार नव्हतं त्याला आपण डोंगर म्हणतो."

"बरं," चिंधा म्हणाला. "अन् केसरबाईनी विहीर आटनी तं? ती विहीरले काय म्हनशात?"

केसरबाई म्हणजे चिंधाची बायको. डोक्यावर भरलेली घागर घेऊन ती फाटकाशीच उभी होती. सरांकडे न बघता ती म्हणाली,

"सर, खोटं बोलानं पाप मन्हा डोकावर टाका. आठे घागर शे, तठे तेबी मावी जाई."



साक्रीहून पश्चिमेला जावं तशी जमीन उंचसखल होत जाते आणि मध्येच काळ्या दगडाच्या भिंती दिसू लागतात. भिंतपाड्याची भिंत त्यांतलीच. डोंगराच्या सोंडेवरून निघालेली ती शेतं आणि नाले ओलांडत सरळ रेषेत पार क्षितिजापर्यंत जाते. दोन पुरुष उंच, वर बैलगाडी चालावी एवढी रुंद, आणि दगड असे आडवे, एकावर एक, की नवा माणूस पाहताच विचारतो, कोणी बांधली? गावाकडे उत्तर तयार असतं. गवळी राजाने. गाईंना पाणी अडवायला एका रात्रीत बांधायची असा पण केला होता. पहाटे कोंबडं आरवलं आणि एक खिंड तेवढी राहून गेली. राजाचं राहिलेलं काम आता गावाच्या अंगावर. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरटी एक दगड त्या खिंडीत टाकायचा. दगड मात्र आपला हवा, आपल्या वावरातला नाहीतर आपल्या घराचा. दुसऱ्याच्या बांधावरचा उचलून नेला तर भिंत तो घेत नाही, असं म्हणतात.

रविंद्र बैसाणे भूगोलाचे मास्तर होऊन इथे आले त्याला तीस वर्षं होऊन गेली. आल्या वर्षीच त्यांनी जाहीर करून टाकलं की राजा नाही, रात्र नाही आणि कोंबडंही नाही. जमीन तडकली, खालचा रस भेगेत चढला, थिजला. बाजूचा मऊ खडक पाण्यावाऱ्याने गेला, कठीण तेवढा राहिला. दरवर्षी माती, मेण आणि तांब्या. पोरं परीक्षेत बरोबर 'लाव्हारस' लिहीत, पैकीच्या पैकी मार्क घेत, आणि आखाजीला न चुकता दगड टाकून येत. पालथ्या घड्यावर पाणी, असं सर घरी येऊन म्हणत. त्यांची बायको वच्छला भाकरी थापता थापता म्हणे, "घडा पालथा असला तरी पाणी जमिनीतच जातं ना? वाया कुठे जातं?"

वच्छलाबाईंना जाऊन दुसरं वर्ष चाललं होतं. निवृत्तीनंतर मुलगा धुळ्याला बोलावत होता. सर जात नव्हते, आणि का जात नाही हे त्यांना धड सांगताही येत नव्हतं. तीस वर्षं त्याच भाड्याच्या दोन खोल्या, आणि गावही त्यांना अजून 'धुळ्याचे सर' म्हणत होतं. कोणी पत्ता विचारला की तेही सांगत, राहणार धुळे, सध्या मुक्काम भिंतपाडे.

आता भिंतीवर खडीवाल्यांची नजर गेली होती. रस्त्याच्या कामाला काळा दगड हवा होता आणि ठेकाही देऊन झाला होता. दगडाला भोकं पाडायचं यंत्र भिंतीच्या पायथ्याशी, पळसाच्या सावलीत आणून उभं केलं होतं. सर एकटे धुळ्याला जाऊन सांगून आले होते की ही भिंत जमिनीखालीही तेवढीच खोल आहे, वरच्या अंगाचं भूजल तीच अडवते. भिंतीखालच्या विहिरी होळीला तळ दाखवतात आणि वरच्या, केसरबाईच्या विहिरीला वैशाखातही पाणी असतं ते उगाच नाही. टेबलामागच्या माणसाने सगळं शांतपणे ऐकलं, चहा पाजला आणि सांगितलं, पाण्याचं खातं वेगळं. मग गावाने आपल्या बुद्धीने अर्ज केला, की ही गवळी राजाची पुरातन तटबंदी आहे, फोडू देऊ नये. त्या अर्जावर सगळ्या गावाच्या सह्या होत्या. सरांची नव्हती.

आज पुरातत्त्व खात्याचा माणूस पाहणीला यायचा होता, आणि तो गावातल्या शिकलेल्या माणसाला विचारणार हे उघड होतं. रोज सकाळी पंचशील म्हणताना 'मुसावादा वेरमणी', म्हणजे खोटं बोलणार नाही, या शब्दांपाशी सरांची जीभ कधी अडखळली नव्हती. आज अडखळली. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. इथे तर विहीर खरोखरीचीच होती आणि तिचं पाणी ते स्वतः तीस वर्षं प्यायले होते.

साहेब दहाच्या सुमाराला मोटारसायकलवरून आला. हसीब पिंजारी, जळगावचा, तिशीतला, मानेला ओला पंचा गुंडाळलेला. केसरबाईने दिलेलं पाणी त्याने दोनदा मागून घेतलं. "पाणी गोड आहे हो," तो म्हणाला, आणि चिंधाने सरांकडे असं बघितलं की जणू साक्षीदार आधीच फुटला.

भिंतीपाशी गेल्यावर हसीबने चारी बाजूंनी बघितलं, हातोडीने एक कपचा काढला, उन्हात धरला. गावातली पंधरावीस माणसं मागे उभी.

"सर, तुम्ही इथे भूगोल शिकवायचात म्हणे. अर्जात लिहिलंय ही बांधलेली आहे. तुमचं काय मत?"

समोर यंत्र उभं होतं. पलीकडे केसरबाईच्या विहिरीवरचं रहाटाचं चाक दिसत होतं. एक शब्द, चिंधा म्हणाला होता. शब्द जिभेवर आलाही. पण तीस वर्षांची सगळी पोरं एकदम डोळ्यांसमोर उभी राहिली, आणि त्यांच्यापुढे तो बाहेर पडेना.

"नाही," सर म्हणाले. "बांधलेली नाही."

मागे कोणीतरी श्वास सोडला. चिंधाने डोक्यावरची टोपी काढून ती गुडघ्यावर झटकली आणि दुसरीकडे जाऊन बसला. एवढ्या वर्षांत तो सरांकडे पाठ करून कधी बसला नव्हता. सरांना वाटलं, आपण आत्ता या गावातून उठलो.

हसीबने मान हलवली. "मलाही लांबूनच दिसलं. खोटं सांगितलं असतंत तर मी लगेच परत फिरलो असतो." मग त्याने आवाज उतरवला. "मला दगडाचं काही करता येत नाही सर. माणसाच्या हाताचं काही असेल, आणि शंभर वर्षांपेक्षा जुनं असेल, तर ते माझ्या खात्याचं. एक कोपरा जरी असला तरी मोजणी होईपर्यंत त्या यंत्राला भिंतीला हात लावता येणार नाही. आहे काही? मंदिर, पायऱ्या, समाधी?"

"काही नाही," सर म्हणाले. मग नाइलाजाने, एखाद्या मास्तराने वर्गातल्या उनाड पोराचं नाव घ्यावं तसे म्हणाले, "एक खिंड आहे. लोक तिच्यात दगड टाकतात. पण ती नुसती समजूत आहे."

"टाकतात म्हणजे? किती दिवसांपासून?"

हा प्रश्न सरांनी गावाला कधी विचारला नव्हता. का टाकता, एवढंच विचारत आले होते.

खिंड लांब नव्हती. कोणे एके काळी ओहळाने भिंतीला पाडलेलं ते खिंडार, तीनचार माणसांनी हात पसरावेत एवढं रुंद. वरच्या अंगाने ते जवळजवळ बुजून गेलं होतं. दगडांमागे गाळ साचून केसरबाईचं वावर तयार झालं होतं, गावातलं सगळ्यात कसदार. खालच्या अंगाला घाणेरीचं रान माजलं होतं. हसीबने कोयता मागून घेतला आणि तो ते रान साफ करायला लागला. दोघे चौघे पुढे सरसावले. झुडपं बाजूला झाली तसा दगडांचा उभा चेहरा उघडा पडला. वर सुटे दगड, खाली गाळाने सांधलेले, आणि अगदी तळाशी मोठाले, एकमेकांत नीट बसवलेले, शेवाळाने काळे पडलेले.

"सर, या बघा," हसीब म्हणाला. "खालचे टाकलेले नाहीत. हे कोणीतरी रचलेत."

सर वाकले. डोंगराचे थर वाचायला त्यांनी दोन पिढ्यांना शिकवलं होतं, आणि गावाने घातलेले हे थर त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होते. ते त्यांनी आज पहिल्यांदा बघितले.

"पण जुने किती, हे कसं सांगणार?" हसीब स्वतःशीच बोलत होता. "दगडावर तारीख थोडीच असते."

तेवढ्यात त्याच्या हाताशी काहीतरी चमकलं. काळ्या दगडांच्या कडेला मुठीएवढा एक दगड, त्याच्या पोकळीत पांढऱ्या स्फटिकांचा घोस. तो इकडचा नव्हता. त्याने हलवून तो बाहेर काढला आणि उलटा केला. मागे पांढऱ्या ऑइलपेंटचा ठिपका होता आणि ठिपक्यावर काळ्या शाईत बारीक आकडा.

"हे काय? नंबर?"

सरांनी दगड हातात घेतला. आकडा त्यांच्या अक्षरातला होता.

वच्छलाबाईंचं माहेर पहूर. भावाची विहीर खणताना खडकाच्या पोटात असे पांढरे घोस निघाले होते, आणि नवऱ्याचं वेड माहीत असल्यामुळे त्यातला एक त्यांनी पदरात गुंडाळून एसटीतून आणला होता. सरांनी तो ठिपका लावून खिडकीतल्या खोक्यात ठेवला. खोक्यात असे कितीतरी होते, तापीकाठचे, सातपुड्याचे, अजिंठ्याच्या डोंगरातले. आणि दरवर्षी उन्हाळ्यात त्यातला एखादा गायब होई. सर शोधाशोध करत, चिडत, पोरांवर संशय घेत. वच्छलाबाई अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणत, "उंदरानं नेला असेल."

"उंदीर दगड नेतो?"

"नेतात हो. दाताला धार लावायला."

आणि उठसूट विज्ञान सांगणारा हा माणूस दोनदा पिंजरा लावून बसला होता.

"इथे अजून एक आहे," हसीब एकेक दगड हलवून उलटा करत म्हणाला. "हा बघा, याच्यावरही ठिपका. हा त्याच्याही खाली. सगळे कडेलाच. आणि सगळ्यांचे ठिपके आतल्या बाजूला वळवलेले."

चिंधा केव्हा उठून आला ते कळलं नाही. सरांच्या हातातल्या दगडाकडे बघत तो म्हणाला,

"वच्छला आक्का दरसाल येत, सर. बठ्ठा लोके घर गयात का मंग, खालतीन वाट धरीसन. मी एकदाव देखं, तं मले शपथ घाली. सरले सांगाना नई म्हने, चिडतीन."

"कशासाठी पण?" सरांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. "तिचा तर असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता."

"मी बी तेच इचारं. तं म्हने, राजा नई का फाजा नई, मले काय कराना. पन गावमा ऱ्हावानं अन् गावना दगड नई टाकाना, हाई बरं दिसत नई. म्हने, आमना वावर नई, बांध नई, घर बी भाडाना. आपला म्हनावा असा दगड कोठून आनू? तं सरना खोकामा शेतस." चिंधा थांबला. "आज सांगी टाकं. शपथ मोडनी मन्ही."

सर खाली बसले. तिथल्याच एका दगडावर, ऊन अंगावर घेऊन. त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. राग येत होता, हसू येत होतं, आणि ती आत्ता इथे हवी होती. हा पांढरा घोस तिच्यापुढे धरून, हे काय आहे, असं दरडावून विचारायचं होतं. ती काय म्हणाली असती तेही त्यांना ठाऊक होतं.

हसीबने गुडघ्यावर बसून वरच्या आणि खालच्या ठिपक्यांमधलं अंतर हाताने मापलं.

"सर, रागावू नका, पण मला हे विचारावंच लागेल. पहिला दगड केव्हा हरवला, आठवतं?"

"आम्ही आलो त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. गोमाईच्या पात्रातला गोटा होता. सगळ्यात आधीचा आकडा."

"तोच सगळ्यात खाली आहे." हसीबने आपला हात त्या ठिपक्यापासून वरपर्यंत धरला. कोपरापासून बोटांपर्यंतसुद्धा भरला नाही. "म्हणजे तीस वर्षांत गावाने एवढं भरलं."

मग त्याने मान वाकवून खाली बघितलं. पहिल्या ठिपक्याखाली दगडांचे थर जात होते, जात होते, पार तळाच्या त्या शेवाळलेल्या मोठ्या दगडांपर्यंत. दोन पुरुष उंचीची ती रास. सरांनी डोळे पुसले. हिशोब त्यांच्या डोक्यात आपोआपच मांडला गेला. गेली तीस वर्षं ते फळ्यावर दुसरं काय करत आले होते? तीस वर्षांना हातभर. तळापर्यंत शंभर वर्षं कधीच ओलांडून गेली होती, दोनशेही गेली होती.

"तारीख मिळाली," हसीब म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "भिंत राजाची नाही, कबूल. पण ही खिंड गावाची आहे. मी थर जपून ठेवायला लिहितो. मोजणीची माणसं येईपर्यंत ते यंत्र कोणी सुरू करायचं नाही." आणि मागे वळून तो जमलेल्या माणसांना म्हणाला, "तोवर तुम्हीही हात लावू नका. या आखाजीला दगड टाकायचे ते अगदी वरच टाका."

केसरबाईने पदर तोंडाला लावला. कोणीतरी म्हातारं माणूस उगाच खिंडीतला एक दगड हाताने थोपटून बघत होतं.

हसीबने खिशातून पेन काढलं. "जबाब लागेल सर. तुमच्या ठिपक्यांवरच सगळं उभं आहे. हे दगड इथे कोणी ठेवले?"

सरांनी हातातला पहूरचा दगड उलटा करून पुन्हा त्याच्या जागी बसवला, ठिपका आत ठेवून.

"उंदरानं," ते म्हणाले, आणि हसता हसता पुन्हा त्यांचे डोळे भरून आले. हसीब पेन धरून तसाच थांबला होता.

"लिहा. वच्छला रविंद्र बैसाणे."

"राहणार?"

चिंधा त्यांच्याकडे बघत होता. सर नेहमीच्या सवयीने धुळे म्हणायला गेले आणि थांबले.

"भिंतपाडे," सर म्हणाले. "आणि खाली माझंही नाव घाला. राहणार तेच."